आस्तेकदमांच्या चार गोळ्या

सकाळच्या गोळ्या एका घोटात घशाखाली घालणं ही आस्तेकदमांची दिवसातली एकमेव चपळ कृती होती. थायरॉइडची गोळी पांढरी, शर्टाच्या बटणाहून लहान, लोहाची लालभडक, पित्ताची गुलाबी आणि कॅल्शियमची खडूच्या तुकड्याएवढी. चारही तळहातावर घ्यायच्या, मान मागे टाकायची, सगळा ऐवज तोंडात सोडायचा आणि वरून कपभर गरम कॉफी. हे झालं की ते बायकोकडे असं बघत, जणू अर्धा दिवस मार्गी लावला. त्यानंतर ते एक मोजा घालत आणि दुसरा हातात धरून खिडकीबाहेर बघत बसत.

आस्तेकदम हे अर्थातच त्यांचं आडनाव नव्हतं. ते कचेरीनं ठेवलेलं नाव होतं, पण इतकं चपखल बसलं होतं की एकदा बदलीच्या हुकुमावर तेच टंकलं गेलं आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. खुद्द आस्तेकदमांच्याही नाही. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार शाखेत ते लोकांच्या पत्रांना उत्तरं लिहीत. उत्तरं सुरेख असत. शब्द तोलून मापून घातलेला, स्वल्पविराम जागच्या जागी, शेवटी दोन ओळी दिलाशाच्या. फक्त ती पोहोचेपर्यंत फुटलेली नळी दुरुस्त झालेली असे, किंवा तक्रार करणारा घर बदलून गेलेला असे. त्यामुळे तक्रार शाखेबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

थायरॉइडचं निदान झालं की माणसं हिरमुसतात. आस्तेकदम खुलले. डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवून सांगितलं की गळ्यातली ग्रंथी पुरेसं काम करत नाही, म्हणून थकवा, म्हणून जडपणा, म्हणून सगळं संथ. आस्तेकदमांनी तो रिपोर्ट दोनदा वाचला. लहानपणापासून आईनं, मास्तरांनी, साहेबांनी आणि बायकोनं ज्याला आळस म्हटलं होतं, तो आजार निघाला होता. घरी आल्यावर त्यांनी तो कागद बायकोच्या हातात ठेवला आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, "बघ. माझा दोष नाही. ग्रंथीचा आहे."

बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. मुलांची कारणं ऐकून ऐकून तिचे कान तयार झाले होते. ती म्हणाली, "बरं. मग आता गोळी घ्या आणि माळ्यावरचा पंखा खाली काढा. दोन उन्हाळे झाले."

गोळी सुरू झाली, पंखा माळ्यावरच राहिला. पुढच्या तपासणीला रिपोर्ट जागचा हलला नव्हता. डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळी नियमित घेता ना. आस्तेकदमांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की एक दिवस चुकत नाही, आणि ते शंभर टक्के खरं होतं. कशाबरोबर घेता, हे बाईंनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. डोस वाढला. पुढच्या खेपेला पुन्हा वाढला. त्याच्या पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि पुन्हा वाढवला. आस्तेकदमांना याचाही थोडा अभिमान वाटू लागला होता. आपली ग्रंथी साधीसुधी नाही, एवढ्यातेवढ्याला दाद देणारी नाही, असं ते टपाल कारकुनाला सांगत.

अशात सासूबाई राहायला आल्या.

सासूबाईंनी उभं आयुष्य एका कारखान्याच्या भांडारात भांडारपाल म्हणून काढलं होतं. स्क्रूंच्या खणात खिळा सापडला तर त्यांना जेवण जात नसे. जावई चार तऱ्हेच्या गोळ्या एका मुठीत कोंबून गिळतात हे त्यांनी पहिल्याच सकाळी पाहिलं. संध्याकाळी त्या बाजारातून कप्प्याकप्प्यांची एक डबी घेऊन आल्या. सकाळ, दुपार, रात्र असे कप्पे, प्रत्येकाला खटकन लागणारं झाकण.

"जावईबापू, तुमच्या गोळ्या आणा इकडे," त्या म्हणाल्या.

त्यांनी चारही गोळ्या सकाळच्या कप्प्यात घालून पाहिल्या. कॅल्शियमच्या गोळीमुळे झाकण लागेना. ती गेली रात्रीच्या कप्प्यात. लोहाची लाल गोळी पांढऱ्या गोळीला रंग लावते, म्हणून ती दुपारी. पित्ताची गुलाबी गोळी कॅल्शियमच्या शेजारी दिसायला बरी दिसत होती, म्हणून रात्री. सकाळच्या कप्प्यात राहिली फक्त थायरॉइडची इवलीशी गोळी. आणि सकाळी स्वयंपाकघरात सासूबाईंची मांडामांड चाले, तिथं मध्येमध्ये कोणी आलेलं त्यांना खपत नसे, म्हणून ती डबी पलंगाशेजारी गेली, पाण्याच्या तांब्यापाशी. उठल्या उठल्या गोळी साध्या पाण्याबरोबर, कॉफी पुष्कळ उशिरा, हाक मारली की.

या सगळ्यात वैद्यकाचा काडीचा संबंध नव्हता. झाकण लागत नव्हतं, एवढंच कारण. पण पोटाला कारणाशी देणंघेणं नसतं. इतके दिवस वाटेत अडवली जाणारी ती पांढरी गोळी, डॉक्टरबाईंनी तीनदा वाढवलेल्या ताकदीनिशी, आता मोकळ्या रस्त्यानं थेट रक्तात जाऊ लागली.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी आस्तेकदम गजराच्या आधी उठले. बायकोला वाटलं, बरं नाही. ते म्हणाले, छान वाटतंय. त्यांनी दोन्ही मोजे लागोपाठ घातले. पुढच्या आठवड्यात पंखा माळ्यावरून खाली आला, त्याच्यामागोमाग माळ्यावरचं बाकी सगळं खाली आलं, आणि मग माळाच खाली घ्यावा की काय, असं त्यांच्या मनात आलं. बायकोनं शिडी लपवून ठेवली.

त्यांना उकडत होतं. भूक सपाटून लागत होती, तरी विजार कमरेवरून घसरत होती. जिना ते दोन दोन पायऱ्यांनी चढत आणि वर पोहोचल्यावर छातीत जी धडधड होई तिला ते जोम म्हणत. बोटं थोडी थरथरत, त्याला ते उत्सुकता म्हणत. बायको काही सांगू लागली की तिचं वाक्य ते स्वतःच पुरं करून टाकत, बहुधा चुकीचं. ती म्हणे, "आज शाळेत मुख्याध्यापिका..." आणि ते म्हणत, "ओरडल्या, कळलं, पुढे?" मुख्याध्यापिका ओरडल्या नव्हत्या, निवृत्त होणार होत्या, पण ते सांगेपर्यंत आस्तेकदम भिंतीचा रंग खरवडायला गेलेले असत.

या बदलाचं श्रेय कोणाला द्यायचं, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी तो झटपट सोडवला. श्रेय स्वतःला. मी मुळात असाच होतो, ते आरशाला सांगत, इतकी वर्षं दबून राहिलो होतो. हा भाग ते आता सर्वात रंगवून सांगतात. म्हणतात, "गोळी आत दौडत होती आणि मी वर बसून लगाम हातात असल्यासारखी मिशी पिळत होतो." मिशी त्यांना नव्हती, पण त्या दिवसांत ठेवायचा विचार होता.

कचेरीत तर कहर झाला. आस्तेकदमांनी साचलेल्या तक्रारींचा ढीग उपसला आणि आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर द्यायला सुरुवात केली. पूर्वी उत्तर देईपर्यंत नळी दुरुस्त झालेली असे, त्यामुळे उत्तरात काही कबूल करावं लागत नसे. आता नळी फुटलेलीच असे. मग आस्तेकदम लिहीत, आमची माणसं उद्या सकाळी आपल्या दारी हजर होतील. उत्तर आलेलं पाहून लोक इतके चकित होत की ते आभाराचं पत्र पाठवत. आभाराच्या पत्राला आस्तेकदम उत्तर देत. त्या उत्तराचंही उत्तर येई. शेजाऱ्यापाजाऱ्यांत बातमी पसरली की गावात एक कचेरी अशी आहे जी खरोखर लिहून कळवते. मग दिव्याच्या खांबांच्या तक्रारी येऊ लागल्या, भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या आल्या, वरच्या मजल्यावर खुर्च्या ओढणाऱ्या बिऱ्हाडाच्या आल्या. एका आजोबांनी लिहिलं की माझा मुलगा परगावी आहे आणि पत्र पाठवत नाही. आस्तेकदमांनी त्यांना दोन पानं उत्तर लिहिलं आणि मुलालाही एक कडक पत्र धाडलं, खात्याचा शिक्का मारून.

टपाल कारकून सज्जन माणूस. तो शिक्के मारून मारून मनगटाला पट्टी बांधून यायला लागला. पण खरा तडाखा बसला तो नळदुरुस्तीच्या मुकादमाला. त्याच्याकडे माणसं होती तेवढीच, आणि उद्या सकाळी त्यांनी गावातल्या निम्म्या दारांवर हजर व्हायचं होतं. एक दिवस तो आस्तेकदमांच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. अंगावर गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पत्रांची चळत.

"ह्या सगळ्यांत तुम्ही उद्या लिहिलंय," तो म्हणाला. "हे कोणतं उद्या?"

"उद्याचं," आस्तेकदम मान वर न करता म्हणाले.

"उद्या मी एकच आहे."

आस्तेकदमांनी त्याला शिस्तीवर चार शब्द ऐकवले. पहाटे उठावं, गार पाण्यानं अंघोळ करावी, कामाला भिडावं. मुकादम पहाटेपासून खड्ड्यातच होता आणि गार पाणी त्याच्या अंगावर नळीतूनच उडालं होतं. तो चळत उचलून पुन्हा खड्ड्याकडे गेला. ही गोष्ट सांगताना आस्तेकदम इथं हमखास थांबतात आणि कानाच्या पाळीला हात लावतात.

साहेबांना मात्र आकाश ठेंगणं झालं होतं. वरिष्ठांकडून शाबासकी आली होती. वरिष्ठांनी असंही सुचवलं होतं की खात्यात एक जलद उत्तर कक्ष काढावा आणि या गृहस्थांना त्याचं प्रमुख करावं. त्याआधी सगळ्या खात्यांच्या कर्मचाऱ्यांपुढे त्यांचं एक व्याख्यान ठेवावं. विषय साहेबांनीच काढला: चपळता ही सवय आहे.

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी बायकोनं त्यांना दारात अडवलं. "अहो, हात बघा तुमचे. कप धरवत नाहीये. आधी डॉक्टरबाईंकडे जाऊ, मग बोला काय बोलायचं ते."

"अगं, ही..."

"उत्सुकता आहे, माहीत आहे," ती म्हणाली. या वेळी वाक्य तिनं पुरं केलं. तिनं शाळेतून रजा काढली आणि ती सभागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

सभागृह भरलेलं होतं. आस्तेकदमांची विजार एव्हाना इतकी सैल झाली होती की पट्ट्यालाही ती पेलवेना, आणि नवी घ्यायला वेळ नव्हता. म्हणून ते डावा हात खिशात घालून आतून विजार धरून बोलत होते. श्रोत्यांना ती त्यांची ऐट वाटली. उजव्या हातात ध्वनिक्षेपक होता आणि तो थरथरत होता, त्यामुळे आवाजाला एक कंप येत होता. श्रोत्यांना तो भावनेचा कंप वाटला. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढला.

त्यांनी पहाटेबद्दल सांगितलं. गार पाण्याबद्दल सांगितलं. आळस हा आजार नाही, असं ते ठासून म्हणाले. ज्या माणसानं रिपोर्ट फडकावून नेमकं उलटं सिद्ध केलं होतं, त्याला हे म्हणताना जीभ अडखळली नाही. त्यांच्या छातीत आता धडधड राहिली नव्हती. काहीतरी बंद खोलीत सापडलेल्या पाखरासारखं फडफडत होतं, मध्येच एक ठोका चुकवत होतं आणि मग दोन एकदम मारत होतं. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. समोरचे चेहरे पुसट झाले.

"माणसानं थांबायचं नसतं," आस्तेकदम म्हणाले. "तो थांबला की..."

आणि ते व्यासपीठावर खाली बसले. आधी बसले, मग आडवे झाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, मुद्दा करून दाखवला. साहेबसुद्धा टाळ्या वाजवत होते. शेवटच्या रांगेतून बायको खुर्च्यांच्या मधून वाट काढत पळत आली, तिनं त्यांच्या शर्टाची बटणं सोडली आणि व्यासपीठावरून, वर्गात बोलतात त्या आवाजात, सगळ्यांना सांगितलं की टाळ्या बंद करा आणि गाडी बोलवा. टाळ्या एका क्षणात थांबल्या. आस्तेकदम आता म्हणतात की त्या दिवशीचं खरं व्याख्यान तेवढंच झालं.

इस्पितळात त्यांना तारा लावल्या, छातीचा आलेख काढला. तिथल्या तरुण डॉक्टरनं कोणकोणती औषधं चालू आहेत ते विचारलं. आस्तेकदमांनी थायरॉइडच्या गोळीचा डोस सांगितला तेव्हा त्यानं तो पुन्हा विचारला, आणि मग बायकोकडे बघून तिच्याकडूनही खात्री करून घेतली. रक्त तपासायला गेलं. दुपारपर्यंत त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरबाई स्वतः इस्पितळात आल्या. सासूबाईही आल्या, पर्समध्ये कप्प्यांची डबी घेऊन, कारण रात्रीच्या गोळ्या चुकायला नकोत.

डॉक्टरबाईंनी ती डबी उघडली. एकेक झाकण वर करून पाहिलं. मग त्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या.

"ही डबी कधीपासून?" त्यांनी विचारलं.

सासूबाई जरा फुशारून म्हणाल्या की त्या आल्यापासून. आधी काय, सगळ्या एका मुठीत जात होत्या, कॉफीबरोबर.

"कॉफीबरोबर," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, एकटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. कॅल्शियम, लोह आणि पित्ताची औषधं पोटात तिला धरून ठेवतात, रक्तात उतरू देत नाहीत. कॉफीसुद्धा आडवी येते. म्हणजे आस्तेकदम गोळी रोज घेत होते, पण त्यातली बरीचशी तशीच बाहेर जात होती. रिपोर्ट सुधारत नव्हता म्हणून त्या डोस वाढवत गेल्या. "आणि मग आजींनी वाट मोकळी करून दिली," त्या म्हणाल्या. "कप्पे अगदी बरोबर लावलेत तुम्ही. मात्र मला कोणी कळवलं नाही. आणि मीही विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही."

सासूबाईंना यातलं कप्पे बरोबर लावलेत एवढंच ऐकू आलं.

आस्तेकदम छताकडे बघत पडले होते. गेल्या काही आठवड्यांतलं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून जात होतं. माळा, भिंत, आजोबांच्या मुलाला लिहिलेलं कडक पत्र, चिखलानं माखलेला मुकादम. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तो उत्साह..."

"गोळीचा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आणि शिस्त?"

"तीही."

"माझं काय होतं त्यात?"

डॉक्टरबाईंनी विचार केला. "घाम," त्या म्हणाल्या.

गोळी काही दिवस बंद झाली, मग बेतशीर डोसानं पुन्हा सुरू झाली. वेग एका दिवसात उतरला नाही. भरलेली टाकी रिकामी व्हायला लागतो तसा वेळ घेत, थोडा थोडा उतरला. धडधड थांबली, बोटं स्थिर झाली, विजार पुन्हा कमरेवर टिकू लागली. आस्तेकदमांनी मुकादमाची गाठ घेतली. तो एका खड्ड्यात उभा होता आणि आस्तेकदम वर, काठावर. त्यांनी चुकलो म्हणून सांगितलं. मुकादमानं वर बघितलं आणि विचारलं की उद्या लिहिणं बंद केलंत का. केलं, आस्तेकदम म्हणाले, आता यथावकाश लिहितो. मुकादम म्हणाला, मग झालं तर, आणि पाना मागितला.

एक गोष्ट मात्र त्यांना फार दिवस सलत राहिली. टपाल कारकून व्याख्यान ऐकून खरोखर पहाटे उठायला लागला होता आणि गार पाण्यानं अंघोळ करायला लागला होता. त्याला ते मानवलं. त्याचा चेहरा तजेलदार झाला, मनगटाची पट्टी सुटली. तो रोज येऊन आस्तेकदमांचे आभार मानी आणि विचारी, तुम्ही किती वाजता उठता हल्ली. आस्तेकदम खोटं बोलत नसत. ते म्हणत, "हल्ली मी वेळेकडे बघतच नाही."

शेवटी तपासणीचा दिवस आला. रिपोर्ट बघून डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या. सगळं जिथल्या तिथं आहे, त्या म्हणाल्या, अगदी नॉर्मल, इतका देखणा रिपोर्ट महिन्यातून एखादाच बघायला मिळतो.

आस्तेकदमांचा चेहरा उतरला. ते खुर्चीत पुढे सरकले. "पण बाई, आज सकाळी मी एक मोजा घातला आणि दुसरा हातात धरून बसलो होतो. पुष्कळ वेळ."

"मग?"

"म्हणजे अजून थोडं कमी पडत असेल. बघा ना, अर्धी गोळी वाढवता आली तर. रोज नको. फक्त सोमवारी."

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट फिरवून त्यांच्यापुढे धरला. "तुमची ग्रंथी आता चोख काम करतेय. यापुढे तुम्ही जे काही आहात ते तुम्ही आहात."

"यावर औषध?"

"हा आजार नाही," त्या म्हणाल्या. आस्तेकदमांना आयुष्यात कोणत्याही निदानानं इतका धक्का दिला नव्हता.

दवाखान्यातून ते आणि बायको चालत निघाले. तो रस्ता बायकोनं मधल्या काळात त्यांच्या मागून धापा टाकत कापला होता. आज ती दोन पावलं पुढे जाई आणि थांबे. काही वेळानं आस्तेकदम म्हणाले की कागदोपत्री मी आता शंभर टक्के बरा आहे आणि तरी असा आहे, म्हणजे तुझंच खरं होतं इतकी वर्षं.

"होतंच," बायको म्हणाली. मग थोडं चालून म्हणाली, "पण एक सांगते. त्या दिवसांत घर लखलखीत होतं आणि मला बोलायला कोणी नव्हतं."

तिनं मुख्याध्यापिकांच्या निवृत्तीची हकिगत पहिल्यापासून सांगायला घेतली. ती लांबलचक होती. त्यात निरोपाच्या भाषणावरून दोन शिक्षिकांचं झालेलं भांडण होतं, आणि त्या भांडणात आणखी एक जुनं भांडण. आस्तेकदमांनी मध्ये एक शब्द घातला नाही. घर मागे पडलं तरी दोघं चालत राहिले.

आता एक काम उरलं होतं. जलद उत्तर कक्षाचा हुकूम निघून त्यांच्या टेबलावर पडला होता, आणि खरं सांगणं भाग होतं. सोमवारी ते साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले. कॅल्शियम, कॉफी, झाकण, काहीही हातचं न राखता. "तो मी नव्हतो, साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी त्यांचं एक उत्तर काढून पुढे ठेवलं. "मग ही सही कोणाची?"

"सही माझी. वेग गोळीचा."

साहेब उठले, दार लावून आले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "निरोगी माणसाला चालते का ती?"

"साहेब, मी सभागृहात आडवा झालो होतो. तुम्ही टाळ्या वाजवत होतात."

"ते खरं," साहेब म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत बसले. त्यांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. मग सांगितलं की हुकूम वरून आला आहे, आपल्या हातात काही नाही. तुम्हाला हे पद नको असेल तर तसा रीतसर अर्ज करा, कारणं नीट मांडा, तो आला की मी लगेच वर पाठवतो. तोपर्यंत कक्षाचे प्रमुख तुम्हीच.

आस्तेकदमांनी त्याच दुपारी अर्ज लिहायला घेतला. घाईत लिहून चालण्यासारखा तो विषय नव्हता. औषधं पोटात एकमेकांशी कशी वागतात हे साहेबांच्या साहेबांना समजेल अशा भाषेत मांडायचं होतं, डॉक्टरबाईंना बोल लागू द्यायचा नव्हता, सासूबाईंचा मान राखायचा होता. शिवाय शेवटी दिलाशाच्या दोन ओळी हव्यातच.

मध्ये एक हिवाळा होऊन गेला. कक्षाच्या दारावर पाटी लागली, आत पंखा बसला, हाताखाली दोन माणसं मिळाली. आस्तेकदम रोज सकाळी जलद उत्तर कक्षात येऊन प्रमुखाच्या खुर्चीत बसतात आणि अर्जाचा मसुदा समोर घेतात. पहिला परिच्छेद फार चांगला उतरला आहे, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. दुसऱ्यातला एक स्वल्पविराम मात्र अजून त्यांना पटत नाही.